ज्याची त्याची ट्रंक

गिरगावातल्या आमच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसे राहत होतो. आजी, आई-वडील, काका-काकू आणि आम्ही चार भावंडे. स्वतःची खोली ही कल्पनाच तेव्हा कोणाला सुचत नसे. कपडे बदलायचे तर मोरीचे दार ओढून घ्यावे लागे आणि अभ्यास करायचा तर गॅलरीतल्या दिव्याखाली बसावे लागे. पण त्या दोन खोल्यांत, खाटेखाली आणि माळ्यावर मिळून, पत्र्याच्या चार ट्रंका होत्या. आजीची काळी, आईची हिरवी, काकूची माहेराहून आलेली फुलाफुलांची, आणि घरातल्या पुरुषांच्या कागदपत्रांची एक. चारींना कुलपे होती. आईच्या ट्रंकेची किल्ली सदैव तिच्या कनवटीला असे. त्या ट्रंकेत काय आहे हे वडिलांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी ते कधी विचारल्याचेही मला आठवत नाही. त्यावरून घरात कोणी कोणावर संशय घेतला नाही. ट्रंकेला कुलूप असायचेच, जसे घराला दार असायचे.

ते बिऱ्हाड मोडून आता तीस वर्षे झाली. आज उपनगरातल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण राहतो: मी, पत्नी, मुलगा, सून आणि नात. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक संगणक आहे. २०२० च्या टाळेबंदीत नातीची शाळा आणि सुनेचे ऑफिस एकाच वेळी घरात येऊन बसले, तेव्हा तो घेतला. मोबाइल ज्याचा त्याचा झाला, संगणक मात्र घराचा राहिला. प्राप्तिकराचे विवरणपत्र त्यावरच भरले जाते, सोसायटीचा जमाखर्च त्यावरच लिहिला जातो, कागद स्कॅन करायचे, छापायचे, लग्नाचे फोटो साठवायचे, सारे त्यावरच. आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही काही छापायचे असले, की तो सरळ त्या खुर्चीवर जाऊन बसतो. विचारण्याची पद्धत नाही. चाळीत नऊ माणसांना चार ट्रंका होत्या. इथे पाच माणसे आणि सारा गोतावळा मिळून एकच ट्रंक, तीही बिनकुलपाची, हे माझ्या लक्षात यायला एक प्रसंग घडावा लागला.

२०२२ सालच्या पावसाळ्यात पत्नीच्या स्तनात गाठ आढळली. तुकडा काढून तपासणीला पाठवला गेला आणि आठवड्याने अहवाल ई-मेलने आला. तो मीच उतरवून घेतला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे म्हणून छापला, आणि फाइल संगणकाच्या पहिल्याच पडद्यावर, पत्नीचे नाव आणि ‘बायोप्सी’ हा शब्द तसाच ठेवून, सोडून दिली. दोन दिवसांनी माझा भाचा घरच्या लग्नातल्या पाहुण्यांची यादी छापायला आला. त्याच्या मनात वाईट काही असण्याचा प्रश्नच नव्हता. फाइलचे नाव दिसले, त्याच्या काळजात धस्स झाले, त्याने ती उघडली. मला काही विचारायचा धीर त्याला झाला नाही. घरी जाऊन त्याने आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, सांगितले. तिने रडतरडतच कराडला, पत्नीच्या माहेरी, फोन लावला. त्याच रात्री माझ्या सासूबाईंचा फोन आला. ऐंशी ओलांडलेल्या त्या माउलीला पत्नी पुढच्या रविवारी स्वतः जाऊन, शेजारी बसून सांगणार होती. फोन ठेवल्यावर ती मला एवढेच म्हणाली, “अहो, दुखणं माझं होतं. ते कुणाला आणि कधी सांगायचं, एवढं तरी माझ्या हातात राहायला हवं होतं.”

उपचार झाले, पत्नी आज चांगली आहे. भाचा ओशाळला, बहिणीने माफी मागितली, सारे विसरले गेले. मला मात्र ते वाक्य विसरता आले नाही. कारण चूक भाच्याची नव्हती, बहिणीची तर नव्हतीच. चूक माझी होती. दुसऱ्याची वस्तू मी वाटेवर ठेवली होती.

संगणकावरील सुरक्षिततेविषयी आपल्याकडे बोलले जाते ते चोरांच्या संदर्भात. कोणी परदेशातून बँकेचे पैसे पळवील, कोणी व्हायरस सोडील, ही भीती सर्वांना आहे आणि ती रास्तच आहे. पण घरातल्या सामायिक संगणकावर खासगीपणा मोडला जातो तो बहुधा शत्रूकडून नव्हे, मायेच्या माणसांकडून. काळजीपोटी, कौतुकापोटी, फार तर कुतूहलापोटी. म्हणून त्याची तक्रार करता येत नाही, आणि म्हणूनच त्यावर उपाय योजायलाही कोणी धजावत नाही. सुनेने आपल्या फोल्डरला कुलूप लावले तर सासरी चर्चा होते. नवऱ्याने लावले तर बायको विचारते. मुलीने लावले तर घरात बैठकच बसते. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: “आमच्यापासून लपवण्यासारखं आहे तरी काय?”

या प्रश्नाला चाळीत फार पूर्वीच उत्तर दिलेले होते. मोरीचे दार आपण लावतो ते आत काही गैर करत असतो म्हणून नव्हे. पोस्टकार्ड पोस्टमनपासून तळमजल्यावरच्या दुकानदारापर्यंत सारे वाचीत, आणि लिहिणाराही ते धरूनच लिही. पण चिकटवलेले आंतरदेशीय पत्र ज्याच्या नावचे असेल त्यानेच फोडायचे, हा संकेत अंगठा उठवणाऱ्या माणसालाही माहीत होता. लपवणे आणि राखणे यांत फरक आहे. गुन्हा लपवला जातो; दुखणे, पगार, कविता, अर्धवट लिहिलेले पत्र, नोकरी बदलण्याचा विचार, हे सारे योग्य वेळ येईपर्यंत राखले जाते. ज्याला राखण्याची सोय नाही त्याला सांगण्याचा आनंदही उरत नाही, कारण त्याने सांगण्यापूर्वीच ते सर्वांना कळलेले असते.

गंमत अशी, की परवलीचा शब्द अर्थात पासवर्ड जन्माला आला तोच मुळी सामायिक संगणकासाठी. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच अवजड संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था उभारली. सामायिक विहिरीवर पाण्याची पाळी असते तशी प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली. पण विहिरीतले पाणी सर्वांचे एक, आणि फाइली मात्र ज्याच्या त्याच्या. तेव्हा प्रत्येकाला एकेक परवलीचा शब्द द्यावा असे ठरले. हे कुलूप फार भक्कम होते असेही नाही. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने, आपल्या वाट्याला आलेला वेळ अपुरा पडतो म्हणून, साऱ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये दोन फाइलींची अदलाबदल होऊन, संगणकावर येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसू लागली. कुलूप आणि ते उघडण्याची युक्ती जवळजवळ एकाच वयाची आहेत. तरीही त्या मंडळींनी कुलूप काढून टाकले नाही. एका यंत्रावर अनेकांनी नांदायचे तर प्रत्येकाचा कोपरा वेगळा हवा, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरले होते.

त्यानंतर बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. तिच्यात प्रत्येक फाइलीला तीन नाती जोडलेली असतात: धनी, त्याचा गट आणि बाकीचे सारे. यांपैकी कोणी वाचायचे, कोणी लिहायचे, कोणी चालवायचे हे वेगवेगळे ठरवता येते. घरातले एकटे माणूस, त्याचे कुटुंब आणि बाहेरचे जग अशी ही वाटणी आहे. आपल्या एकत्र कुटुंबाला ती परकी वाटू नये.

आपल्या घरांत संगणक शिरला तो मात्र वेगळ्या दाराने. पर्सनल कॉम्प्युटर म्हणजे एकट्याचा संगणक, असे त्याचे नावच होते, आणि तो एकट्याने वापरायचा हे गृहीत धरून बनवलेला होता. ज्यांनी विंडोज ९५ वर काम केले आहे त्यांना आठवत असेल, सुरुवातीला नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येई आणि एस्केपचे बटण दाबले की ती मुकाट्याने दूर होऊन संगणक उघडत असे. ते दार नव्हते, पडदा होता. पण आपल्याकडे तो संगणक एकट्याचा कधीच नव्हता. फ्रीज आणि टीव्हीसारखा तो घराचा म्हणून आला. यंत्र एकट्यासाठी बनवलेले आणि घर एकत्र, या विजोडातून ज्या सवयी लागल्या त्या अजून सुटलेल्या नाहीत. पुढे सुधारलेल्या विंडोजमध्ये खरी कुलपे आली, पण आपण पडद्यावरच समाधान मानत राहिलो.

पडदा म्हणजे काय, हे जरा स्पष्ट करतो, कारण घरोघरी तोच कुलूप समजला जातो. फाइलीवर उजवे बटण दाबून ‘हिडन’ या शब्दापुढे खूण केली, की ती दिसेनाशी होते. ती परत दिसायला दुसऱ्या एका ठिकाणी एक खूण पुरते, आणि ती कुठे करायची हे सातवीतल्या मुलाला माहीत असते. फाइलीचे नाव बदलून ‘जुनी बिले’ करणे, फोल्डरच्या आत फोल्डर असे दहा थर रचणे, हाही पडदाच. शोधखिडकीत एक शब्द टाकला की दहाही थर एका क्षणात बाजूला होतात. काही मित्र एक छोटीशी आज्ञावली देतात. ती चालवली की फोल्डर गायब होतो आणि पासवर्ड दिल्यावर परत येतो. मोठी जादू वाटते. पण ती आज्ञावली साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहिली, तर पासवर्ड तिच्या आतच अक्षरशः लिहिलेला असतो. दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी, त्यातलाच प्रकार.

मग खरे कुलूप कोणते? मला जे उमगले ते असे, की एकच कुलूप सर्वांसाठी पुरत नाही. आपण कोणापासून राखतो आहोत, हे आधी ठरवावे लागते.

पहिले वर्तुळ घरात वावरणाऱ्यांचे. त्यांच्यासाठी प्रत्येकाचे वेगळे खाते, म्हणजे अकाउंट, आणि प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, एवढे पुरेसे आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ते पाच मिनिटांत होते आणि त्याला पैसे पडत नाहीत. खाते वेगळे झाले की ज्याचे डॉक्युमेंट्स, ज्याचा डेस्कटॉप, ज्याचे डाउनलोड्स त्याच्याकडे राहतात आणि साधे खाते असलेल्या दुसऱ्याला ते उघडत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ‘पाहुणे’ नावाचे एक साधे खाते काढून ठेवावे. आमच्या भाच्याला ते मिळाले असते तर यादी छापून, चहा घेऊन तो सुखाने घरी गेला असता. खुर्चीवरून उठताना विंडोजचे बटण आणि एल हे अक्षर एकदम दाबण्याची सवय लावावी. पडदा बंद होतो आणि पुन्हा पासवर्ड मागतो.

यात एक मोठी गोम आहे आणि ती आपल्या दुरुस्तीवाल्यांच्या रिवाजातून आलेली आहे. आपल्याकडे संगणक जुळवून देणारा माणूस हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि बजावतो, “सगळं डी मध्ये ठेवा, विंडोज पुन्हा टाकावं लागलं तर सी जाईल.” सल्ला चांगल्या हेतूचा आहे. पण खात्याचे कुलूप असते ते सी वरच्या आपापल्या खोलीला. डी म्हणजे घराचा व्हरांडा. तिथे ठेवलेले फोल्डर, वेगळे काही केले नसेल तर, सर्व खात्यांना वाचता येतात आणि पुसताही येतात. पाच जणांची पाच खाती काढून सारे कागद डी वर ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांत आमचेही होते.

दुसरे वर्तुळ संगणकाच्या कारभाऱ्याचे, ज्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. ज्याच्या खात्याला हा अधिकार आहे तो बाकीच्यांच्या खोल्या उघडू शकतो. घरात हे पद बहुधा मुलाकडे किंवा जावयाकडे जाते, कारण त्याला ‘त्यातलं कळतं’. ज्याला अशा कारभाऱ्यापासूनही काही राखायचे असेल त्याने ते कूटबद्ध करून ठेवले पाहिजे. मोडी न येणाऱ्या माणसापुढे मोडी दस्त ठेवावा, कागद हातात आहे पण वाचता येत नाही, तसे हे असते. फरक एवढाच, की ही मोडी पासवर्डवाचून कोणालाच शिकता येत नाही. सेव्हन-झिप या फुकट मिळणाऱ्या प्रणालीने एखादा फोल्डर असा बंद करता येतो, व्हेराक्रिप्टने तर अख्खी पेटीच करता येते. मात्र बंद पेटी तयार झाली की मूळ उघडी प्रत पुसायची असते, आणि नेमके तेच लोक विसरतात. पेटीवर फाइलींची नावे दिसत राहिली तर तीही बोलतात. आमच्या प्रसंगात फाइल उघडण्यापूर्वी तिच्या नावानेच घात केला होता.

तिसरे वर्तुळ परक्यांचे: चोर, आणि संगणक दुरुस्तीला नेणारा. खात्याचा पासवर्ड त्याला अडवत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, की सारे फोल्डर उघडे पडतात. २००८ च्या जानेवारीत हाँगकाँगमधील एडिसन चेन या अभिनेत्याची आणि काही अभिनेत्रींची अत्यंत खासगी छायाचित्रे जगभर पसरली. ती दुरुस्तीला दिलेल्या त्याच्या संगणकावरून गेली होती, आणि तिथल्या तंत्रज्ञाला २००९ मध्ये कैद झाली. पण ज्या स्त्रियांची बदनामी झाली, त्यांना त्या कैदेने काय परत मिळाले? अशा परक्यांसाठी संपूर्ण डिस्कच कूटबद्ध करण्याची सोय आता विंडोजमध्ये आहे, बिटलॉकर या नावाने. काही घरगुती संगणकांत तिचा साधा अवतार असतो. मात्र ही सोय चोरापासून वाचवते, घरातल्या माणसापासून नाही. कारण संगणक चालू असताना डिस्क उघडलेलीच असते. तीन वर्तुळे आणि तीन कुलपे. बाहेरच्या फाटकाला मोठे कुलूप घातले म्हणून कपाट उघडे टाकून चालत नाही.

सामायिक संगणक घरातच असतो असेही नाही. सात-बारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांसाठी गावोगावचे लोक सेवा केंद्रात जातात. तिथल्या संगणकाचा डाउनलोड्स हा फोल्डर कधी पाहावा. मागच्या गिऱ्हाइकांची आधार कार्डे तिथे ओळीने पहुडलेली असतात. केंद्रचालक लबाड असतो असे नाही, त्याला पुसायला सवड नसते आणि आपल्याला सांगायला सुचत नाही. आधारच्या फाइलीला पासवर्ड असतो खरा, पण तो काय, तर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे साल. ज्याला आपले नाव आणि वय ठाऊक, त्याच्या हातात किल्ली आहेच. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने एक सूचना काढली होती. सार्वजनिक संगणकावर आधार उतरवू नका, उतरवलेच तर सर्व प्रती कायमच्या पुसा, असेही तीत होते. लोकांचा गैरसमज होईल म्हणून ती सूचना दोन दिवसांत मागे घेतली गेली. सल्ला मात्र लाखमोलाचा होता. छापून झाले की “दादा, माझी फाइल माझ्यासमोर पुसा आणि कचरापेटीही रिकामी करा” एवढे म्हणायला लाजू नये.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. तो निर्णय ऐतिहासिक आहे. पण घराच्या उंबऱ्याच्या आत कायदा जपून पावले टाकतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम पाहा. संगणकाच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीविना त्यात शिरणे ते गैर ठरवते. म्हणजे प्रश्न विचारला जातो तो संगणक कोणाचा, असा. फाइल कोणाची, असा नव्हे. आता घरातला संगणक कोणाच्या नावावर असतो? ज्याने पैसे भरले त्याच्या. सुनेची, मुलीची, आजीची फाइल त्याच्या घरात पाहुणी असते. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले बोलणे घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल असे म्हटले. त्याची कायदेशीर कारणे असतील. पण घरातल्या माणसाचा खासगीपणा घरातल्यांनीच राखायचा आहे, कोर्ट त्यासाठी धावून येणार नाही, एवढे त्यातून समजावे.

आणि इथेच खरी अडचण आहे. किल्ली मागणे हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण समजले जाऊ लागले आहे. लग्न ठरले की एकमेकांना पासवर्ड द्यायचे. न दिला तर मनात पाल चुकचुकते. ज्याच्याजवळ घरातली सत्ता आहे तो किल्ली मागतो आणि ज्याच्याजवळ नाही तो देतो, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. नवऱ्याचा पासवर्ड बायकोला माहीत नसला तर तो त्याचा कामाचा भाग. बायकोचा नवऱ्याला माहीत नसला तर तो संशय. दिलेला विश्वास आणि काढून घेतलेली किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या वडिलांनी आईवर विश्वास टाकला होता तो ट्रंक न उघडून.

मुलांचे काय? सात वर्षांच्या मुलाला कुलूपबंद खाते देऊन मोकळे सोडावे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याच्या संगणकावर आई-बापाची नजर हवी, आणि ती आहे हे त्याला माहीतही हवे. पण नजर ठेवणे आणि चोरून पाहणे एक नव्हे. सोळा वर्षांच्या मुलीने डायरी लिहिली तर ती तिची आहे. ती आपण तिच्या नकळत वाचली तर दोन गोष्टी घडतात: ती पुढे लिहीत नाही, किंवा आपल्याला सापडणार नाही अशा ठिकाणी लिहिते. दोन्हींत तोटा आपलाच. आमच्या नातीचे खाते काढून दिले तेव्हा तिने मला विचारले, “आजोबा, तुम्ही कारभारी आहात, म्हणजे तुम्ही बघू शकता ना?” मी म्हणालो, “बघू शकतो. बघणार नाही.” तिने थोडा विचार करून मान डोलावली. खरी सुरक्षितता त्या मान डोलावण्यात आहे, आणि ती कोणत्याही प्रणालीत विकत मिळत नाही.

इथवर मी कुलपाची बाजू मांडली. पण कुलपाचीही एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. माझा एक जुना स्नेही शाळेत गणित शिकवत असे. स्वभावाने काटेकोर. निवृत्तीनंतर तो आपल्या गावच्या, आपल्या वडिलांच्या आठवणी संगणकावर लिहीत होता. “पुरं झालं की दाखवतो,” म्हणायचा. सारे त्याने चांगल्या पक्क्या पेटीत बंद करून ठेवले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने तो आठ दिवसांत गेला. विम्याचे कागद, मुदत ठेवींची यादी आणि त्या आठवणी, सारे त्या पेटीत होते. मुलांनी जन्मतारखा, नातवंडांची नावे, शाळेचे नाव, सुचेल ते टाकून पाहिले. एका जाणकाराला बोलावले. तो तासभर बसून म्हणाला, “कुलूप चांगलं आहे, म्हणूनच उघडणार नाही.” विम्याचे आणि बँकेचे कागद खेपा घालून पुन्हा मिळाले. आठवणी मात्र गेल्या. वहिनी अजून तो संगणक मोडीत देऊ देत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की कुलूप हवे आणि किल्लीची सोयही हवी. महत्त्वाचे पासवर्ड एका कागदावर लिहून, बिटलॉकर असेल तर त्याचा ४८ अंकी आकडाही त्यावर उतरवून, पाकीट चिकटवावे आणि ते बँकेच्या लॉकरमध्ये किंवा ज्याच्यावर भरवसा आहे अशा एका माणसाकडे द्यावे. पाकीट फुटलेले दिसले की आपल्याला कळते. आंतरदेशीय पत्राचा तो जुना गुण इथेही कामी येतो. जे माझ्यामागे सर्वांना लागेल ते एका फोल्डरात आणि जे केवळ माझे आहे ते दुसऱ्या, अशी विभागणी करून ठेवावी. पहिल्याची किल्ली पाकिटात घालावी. दुसऱ्याची घालायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्या घरी आता सहा खाती आहेत, पाच जणांची पाच आणि सहावे ‘पाहुणे’. डी वरचे कागद ज्याचे त्याने उचलून नेले. यात एक रविवार गेला आणि खर्च काही आला नाही. पत्नीने आपला पासवर्ड मला सांगितलेला नाही. मी विचारलेला नाही.

आई गेली १९९४ साली. जाण्यापूर्वी दोन महिने तिने कनवटीची किल्ली काढून काकूच्या हातात दिली होती, वडिलांच्या नव्हे, आमच्याही नव्हे. दिवसकार्य उरकल्यावर काकूने ट्रंक एकटीने उघडली, काही वस्तू आम्हां भावंडांना वाटल्या आणि काही कागद आईच्या सांगण्याप्रमाणे चुलीत घातले. कोणते, ते तिने सांगितले नाही. घरातल्या कोणालाही ते विचारावेसे वाटले नाही.